पाचवी चिमणी

घराच्या पुढच्या बाजूस अंगण आणि मागच्या बाजूस परस, ही वाटणी आपल्या भाषेने मोठ्या विचाराने केलेली दिसते. अंगणात पाहुणे येतात, वाहने येतात, वर्गणी मागणारे येतात. परसात घरची माणसे येतात आणि पाखरे येतात. अंगण जगाला दाखवायचे असते. परस कोणाला दाखवायचा नसतो, म्हणूनच तेथे बसायला बरे वाटते. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या वाट्याला आता सदनिका आल्या असतील आणि परसाची जागा गॅलरीतल्या चार कुंड्यांनी घेतली असेल. आम्हांला मात्र सिल्वासा येथे जे सरकारी निवासस्थान मिळाले, त्याच्या मागे सुदैवाने परस आहे. एक आंबा, एक सीताफळ, एक कढीलिंब, आपोआप उगवलेले बदामाचे झाड, धुण्याचा एक दगड आणि कुंपणापलीकडे दोन ताड, एवढेच त्याचे वैभव.

सिल्वासा म्हटले की जुन्या मराठी वाचकांना १९५४ सालचा मुक्तिसंग्राम आठवतो, त्यात उतरलेले सुधीर फडके आठवतात. नव्या वाचकांना वापीजवळचे कारखाने आठवतात. दोन्ही खरे आहे. कारखान्यांची रांग वाढत गेली, कौलारू घरे पाडून सपाट छपरांच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि २०२० सालापासून दादरा-नगर हवेली व दमण-दीव यांचा मिळून एक केंद्रशासित प्रदेश झाला. या सर्व घडामोडींची दखल न घेता आमच्या परसातील सातभाईंची टोळी रोज सकाळी त्याच वेळी, त्याच कुंपणावरून, त्याच आरडाओरड्यासह येते. शासकीय कार्यालयात इतका वक्तशीरपणा आम्ही चौतीस वर्षांच्या नोकरीत पाहिलेला नाही.

पाखरांना दाणे घालण्याचा प्रघात आमच्या घरी सौ.ने सुरू केला. पहिल्या दिवसापासून तिचे काही नियम आहेत. तांदळाची कणी, बाजरी किंवा नागली घालायची. मीठ घातलेला भात आणि तळकट पदार्थ घालायचे नाहीत. दाणे मूठभरच, कारण उरलेल्या दाण्यांवर उंदीर येतात आणि उंदरांमागे मांजर येते. पाणी पसरट मातीच्या परळात, सावलीत ठेवायचे आणि रोज बदलायचे. परळ धुण्याच्या दगडावर उंच असावे, म्हणजे दबा धरून बसलेले मांजर पाखरांना आधी दिसते. चैत्र-वैशाखात तर दाण्यांपेक्षा पाण्याचेच मोल अधिक. दुपारी दीड वाजता, ऊन तापून डांबर मऊ झालेले असते तेव्हा, त्या परळात बुलबुल ज्या रीतीने आंघोळ करतो, ती पाहून आम्हांला आमच्या गावची विहीर आठवते.

पाखरे पाहणे हा उद्योग फुकटात मिळणाऱ्या सुखांपैकी एक आहे. त्यासाठी दुर्बीण लागत नाही, फक्त गप्प बसता यावे लागते. शिक्षकाच्या पेशात नेमकी तीच गोष्ट राहून जाते. पहाटे, अजून अंधार असतानाच, ताडावरून दयाळ गाऊ लागतो. त्याच्या गाण्यात एक विचारपूर्वक घेतलेला विराम असतो, जणू पुढची ओळ त्याला त्याच क्षणी सुचते आहे. दिवस वर आला की तांबट आपली ठोकठोक सुरू करतो; पुस्तकात त्याला पक्षी म्हटले आहे म्हणून विश्वास ठेवायचा, एरवी तांब्याची भांडी घडवणारा कारागीरच शेजारी राहायला आला आहे असे वाटावे. साळुंक्या चालतात त्या तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांसारख्या. शिंप्याने गेल्या पावसाळ्यात बदामाची दोन पाने कडेकडेने टोचून, कोळ्याच्या जाळ्याचे आणि कापसाचे धागे ओवून त्यांची पिशवी केली आणि आत घरटे बांधले. आम्ही एम.ए.ला मराठीतील अलंकार शिकलो, परंतु दोन पाने जोडून एक घर करण्याची ही किमया कोणत्याही अलंकारात बसवता आली नाही.

या कलावंतापुढे होला म्हणजे अगदीच गबाळा. चार काड्या आडव्या, चार उभ्या, की झाले त्याचे घरटे. खालून पाहिले तर अंडी दिसतात. त्या काड्यांवर दोन पांढरी अंडी घालून नर-मादी आळीपाळीने सुमारे दोन आठवडे बसतात, आणि पिले निघाली की दोघेही गळ्यातल्या पिशवीतून दुधासारखा रस त्यांना भरवतात. बापानेही दूध पाजावे, ही सोय सृष्टीने पारव्याच्या कुळाला दिली आहे. घर गबाळे असले तरी संगोपन असे असू शकते, हे आम्ही कित्येक विद्यार्थ्यांच्या घरी जाऊनही पाहिले आहे.

कावळ्याविषयी मात्र थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. मराठी घरातले मूल पहिला घास चिऊचा आणि दुसरा काऊचा म्हणून खाते, आणि लगेच पुढे त्याला चिऊचे घर मेणाचे व काऊचे शेणाचे ही गोष्ट सांगितली जाते. त्या गोष्टीत पावसात भिजलेला कावळा दार ठोठावत राहतो आणि चिऊताई आत बाळाला न्हाऊ घालते, तीट लावते, परंतु दार काही उघडत नाही. लहानपणी आम्हांला चिऊचे कौतुक वाटे. आज ती गोष्ट नातवाला सांगताना बाहेरच्या भिजणाऱ्या पाहुण्याकडे लक्ष जाते. पुढे कोकिळेची अंडी उबवून परक्याचे पोर वाढवणारा कावळाच असतो. पितृपक्षात आपले सारे समाज त्याची वाट पाहत गच्चीवर उभे असतात. आणि एरवी त्याला हाकलण्यासाठी काठी तयार असते.

आम्ही अहमदनगरकडचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरकडचे, तीन पिढ्यांचे मराठी ख्रिस्ती. आमच्या घरात पवित्र शास्त्र रोज वाचले जाई, आणि आजीचे बोट एका जागी हमखास थांबे. लूकच्या शुभवर्तमानात प्रभू येशू शिष्यांना काळजी करू नका म्हणून सांगतो, तेव्हा तो उदाहरण कावळ्यांचे देतो. त्यांना ना पेरणी, ना कापणी, ना कोठार, तरी देव त्यांना खाऊ घालतो. मत्तयाने येथे नुसती आकाशातील पाखरे म्हटले आहे. लूकने नाव घेऊन कावळा म्हटला. लेवीयाच्या जुन्या नियमांत हाच पक्षी अशुद्ध ठरवलेला होता. म्हणजे ज्याला पंगतीत पान नव्हते, त्याचेच नाव ईश्वराच्या यजमानपणाचा दाखला म्हणून घेतले गेले. आणि दुष्काळात ओढ्याकाठी लपलेल्या एलीया संदेष्ट्याला सकाळ-संध्याकाळ भाकर व मांस आणून देण्याचे काम कोणाकडे सोपवले होते? कावळ्यांकडेच. आजी म्हणत असे, “देवाला ब्राह्मण आचारी मिळाला नाही असे नव्हे, त्याला कावळा हवा होता.” हे वाक्य ती कोणापुढेही म्हणे. त्यावरून घरात वादही होत.

मराठी आणि ख्रिस्ती हे दोन शब्द शेजारी आले की अजूनही काही मंडळी भुवया उंचावतात, म्हणून जाता जाता सांगतो. १६१६ साली छापलेल्या ख्रिस्तपुराणात फादर स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याने मराठीची थोरवी गाताना तिला पक्ष्यांतील मोराचा मान दिला आहे. भाषेच्या कौतुकासाठी त्याला पाखरू आठवले, याचा आम्हांला नेहमी आनंद वाटतो. असिसीच्या संत फ्रान्सिसविषयी तर सर्वांना ठाऊक आहे. १२२६ साली वारलेल्या या संताला पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९७९ मध्ये पर्यावरणाच्या कार्याचा आश्रयदाता म्हणून घोषित केले. त्याचा चरित्रकार सांगतो की, सम्राटाची भेट झाली तर एक विनंती करायची असे त्याच्या मनात होते: नाताळच्या दिवशी ज्यांना शक्य आहे त्यांनी रस्त्यांवर गहू विखरावेत, पाखरांना पोटभर खायला मिळावे, विशेषतः चंडोलांना. आमच्याकडेही नाताळच्या सकाळी परसात दोन मुठी अधिक दाणे पडतात. सम्राटाच्या हुकमाची वाट पाहण्यासारखा तो खर्च नाही.

इतके असूनही दाणे घालून पाखरे जगतात, असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. चिमणी स्वतः दाणे खाते, परंतु तिची पिले पहिले काही दिवस बहुतांशी अळ्या आणि किडे यांवर वाढतात. ज्या बागेत औषध फवारून एकही अळी ठेवलेली नाही, तेथे किलोभर बाजरी ओतली तरी पिले उपाशीच राहायची. भिंतीतली भोके बुजली, कौलांखालचे वळचणीचे कोपरे गेले, की अंडी घालायला जागाही उरत नाही. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीने २०१० सालापासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिवस सुरू केला, तो हे सांगण्यासाठीच. आमच्या परसात कढीलिंबाची पाने अळ्यांनी खाल्लेली असतात आणि शेजारच्या वहिनी त्याबद्दल हळहळतात. आम्ही त्यांना चहा देतो आणि पाने तशीच ठेवतो.

आता ज्यासाठी हे लिहावयास बसलो, त्या गोष्टीकडे वळतो.

शनिवारच्या शेवटच्या तासाला आम्ही आठवीच्या मुलांना अवांतर कविता वाचून दाखवतो. गेल्या वर्षी रेव्हरंड नारायण वामन टिळकांची ‘केवढे हे क्रौर्य!’ ही कविता घेतली. शिकाऱ्याने घायाळ केलेली पक्षीण रक्ताळलेल्या अंगाने कशीबशी पिलांपर्यंत पोहोचते, चोचीतला चारा त्यांना देते आणि प्राण सोडते, एवढाच तिचा विषय. टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि १९१९ साली ते गेले. फुलांमुलांचा कवी म्हणून त्यांची ओळख असली तरी आमच्या पिढीच्या डोळ्यांत पाणी आणले ते या पाखराने. वर्गातही दोन-चार मुली रडवेल्या झाल्या. तेवढ्यात मागच्या बाकावरून एका वारली मुलाने हात वर केला. मुलगा वसतिगृहात राहणारा, खानवेलच्या पुढच्या एका पाड्यावरचा. त्याने विचारले, “सर, त्या माणसाच्या घरी त्या दिवशी कालवण होतं का?”

वर्ग हसला. त्या मुलाच्या चेहऱ्यावर थट्टेचा लवलेश नव्हता. त्याच्या पाड्यावर गलोल ही खेळण्याची वस्तू नसते. सुटीत घरी गेला की एखादा होला, एखादी लावरी ही त्याची घरच्या ताटातली भर असते. आम्ही त्याला सांगितले की कवितेत ते दिलेले नाही, आणि तुझा प्रश्न चांगला आहे. घंटा झाली, मुले गेली. प्रश्न मात्र गेला नाही. जो रोज परसात मूठभर कणी विखरतो, त्याला ‘क्रौर्य’ हा शब्द उच्चारणे सोपे असते. १९७२ च्या कायद्याने पाखरे मारण्यास बंदी केली आहे हे आम्ही मुलांना शिकवतो, आणि शिकवलेच पाहिजे. परंतु कायदा शिकवून कालवणाचा प्रश्न सुटत नाही.

त्या रात्री मत्तयाचा दहावा अध्याय काढला. चिमण्यांविषयी प्रभूचे ते सुप्रसिद्ध वचन आम्ही लहानपणापासून भिंतीवरच्या चित्रात वाचले होते. चित्रात फांदीवर दोन गुबगुबीत चिमण्या असत. वस्तुतः तेथे फांदी नाही, बाजार आहे. एका पैशाला दोन चिमण्या विकतात ना, असे येशू विचारतो. त्या चिमण्या पाळायला विकत नसत, खाण्यासाठी विकत. मांस घेणे ज्यांना परवडत नाही अशा गरिबांचे ते मांस. पुढे इ.स. ३०१ मध्ये सम्राट डायोक्लेशियनने जे दरपत्रक काढले, त्यातही खाद्यपदार्थांच्या यादीत चिमण्या आहेत. म्हणजे ज्या लोकांपुढे हे वचन उच्चारले गेले, त्यांच्यात चिमण्या धरणारे असतील, विकणारे असतील आणि त्या दिवशी संध्याकाळी खाणारेही असतील. आमच्या मागच्या बाकावरचा मुलगा त्या गर्दीत परका ठरला नसता.

पुढच्या शनिवारी वर्गात सलीम अलींची हकीकत सांगितली. दहा-बारा वर्षांचे असताना त्यांनी छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, म्हणून हा कोणता पक्षी हे विचारायला ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तेथे मिलर्ड या सचिवांनी त्यांच्यापुढे पक्ष्यांचे कप्पेच्या कप्पे उघडले. त्या मेलेल्या चिमणीने भारताला पक्षिशास्त्रज्ञ दिला. १९८५ साली आत्मचरित्र लिहिले तेव्हा त्यांनी नाव दिले ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’, चिमणीचे पडणे. हे शब्द शेक्सपिअरच्या हॅम्लेटमधून आलेले, आणि हॅम्लेटच्या तोंडी ते आले मत्तयाच्या त्याच अध्यायातून. बोहरा कुळातला मुलगा, इंग्रज नाटककार आणि गालीलचा सुतार यांची गाठ एका चिमणीने घालून दिली. मागच्या बाकावरून पुन्हा हात वर झाला: “सर, तुमच्याकडे कोणकोणती पाखरं येतात?”

त्यानंतर रविवारी दुपारी तो परसात येऊ लागला. वसतिगृहाच्या अधीक्षकांची परवानगी काढून येई. सौ. त्याला पोहे देई. तो धुण्याच्या दगडापासून दहा पावलांवर उकिडवा बसे आणि पाखरू दिसण्याआधी आवाजावरून ओळखे. त्याच्या बोलीतली नावे आम्ही वहीत उतरवून घेतली. काही नावे आमच्याजवळच्या कोणत्याच पुस्तकात नाहीत. मारुती चितमपल्लींनी रानातल्या माणसांकडून पक्ष्यांची नावे गोळा केली ती का, हे तेव्हा नीट कळले. एका रविवारी सीताफळावरचे होल्याचे घरटे त्याला दाखवले. त्याने मान वळवली आणि हलक्या आवाजात म्हणाला, “अंड्यावर बसलेल्याला मारायचं नाही. आजी मारू देत नाही.”

अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात नेमका हाच नियम आहे. वाटेत घरटे सापडले आणि आई अंड्यांवर किंवा पिलांवर बसलेली असली, तर तिला धरू नये, सोडून द्यावे. म्हणजे तुझे कल्याण होईल आणि तू दीर्घायुषी होशील. आईबापांचा मान राखण्याच्या आज्ञेला जो आशीर्वाद जोडलेला आहे, जवळजवळ तोच या पक्षिणीच्या आज्ञेलाही जोडलेला आहे. शिकार बंद करा असे तो नियम म्हणत नाही. भुकेलाही एक मर्यादा घालतो. खानवेलच्या पुढच्या पाड्यावरील म्हातारीने मोशेचे पुस्तक पाहिलेले असण्याचा संभव नाही.

चिमण्यांच्या भावाचा आणखी एक हिशेब आहे, आणि तो गणित शिकवलेल्या माणसाच्या नजरेतून सुटत नाही. मत्तय म्हणतो, एका पैशाला दोन. लूक म्हणतो, दोन पैशांना पाच. म्हणजे दोन पैशांची खरेदी केली की पाचवी चिमणी वरकड मिळे, कोथिंबिरीच्या जुडीसारखी. तिची किंमत शून्य. आणि येशूचे म्हणणे असे की त्या पाचांपैकी एकीचाही देवाला विसर पडलेला नाही. ती पडत नाही, असे तो म्हणाला नाही. ती बाजारात आहे, बांधलेली आहे, तिचे काय होणार हे सर्वांना दिसते आहे. तरी ती मोजलेली आहे. शाळेत हजेरीपटावर रोज सही करणाऱ्या माणसाला मोजणे म्हणजे काय ते चांगले ठाऊक असते. पटसंख्या आणि प्रत्यक्ष उपस्थिती यांत जो फरक पडतो, तो वरिष्ठांना टक्केवारीत कळवायचा असतो. टक्केवारीत पाचवी चिमणी बसत नाही.

दिवाळीची सुटी संपली आणि तो मुलगा परत आला नाही. आठ दिवस झाले, पंधरा झाले. वर्गातली मुले म्हणाली, त्याच्या वडिलांचा हात कारखान्यात यंत्रात सापडला. एका रविवारी आम्ही सकाळची गाडी धरली, खानवेलला उतरलो आणि पुढे एका दूधवाल्याच्या मोटारसायकलवर बसून पाड्यावर पोहोचलो. कुडाची स्वच्छ सारवलेली झोपडी. वडील हात गळ्यात अडकवून ओट्यावर बसलेले. आई मजुरीला गेलेली. मुलगा धाकट्या बहिणीला कडेवर घेऊन शेळ्या राखत होता. आम्हांला पाहून त्याने पहिली गोष्ट विचारली ती होल्याच्या पिलांची. दोन्ही उडून गेली, असे सांगितले. तेव्हा तो हसला.

आजी आली. कमरेत वाकलेली, परंतु आवाज खणखणीत. तिने सगळे ऐकून घेतले. परीक्षा, वसतिगृहातली जागा, शिष्यवृत्तीचा अर्ज. मग म्हणाली, “गुरुजी, हात बरा होऊ दे याचा. संक्रांतीनंतर धाडते पोराला. नाव काढू नका.” नाव काढणार नाही, असा शब्द आम्ही दिला. निघताना तिने आत जाऊन फडक्यात बांधलेली पसाभर नागली आणली. आम्ही नको म्हणालो. घरात दाणा किती असेल याचा अंदाज ओट्यावरूनच आलेला होता. तिने ती आमच्या हातात दाबून ठेवली. “तुम्हाला नाय देत. पोरगा सांगतो तुमच्याकडं पाखरं जेवायला येतात म्हणून. त्यांना घाला.”

ती नागली सौ.ने दुसऱ्या दिवशी सकाळी परसात घातली. साळुंक्यांनी तिच्याकडे ढुंकून पाहिले नाही. बारीक दाणा त्यांना नको असतो. तासाभराने मात्र कुंपणावर कधी न पाहिलेली पाच-सात लहान पाखरे उतरली, तपकिरी पाठीची, छातीवर खवले काढल्यासारखी नक्षी असलेली. ठिपकेवाल्या मुनिया. आमच्या परसात त्या याआधी आल्या नव्हत्या. आम्ही खिडकीत श्वास रोधून उभे राहिलो, आणि सौ.ने हळूच फडक्याची गाठ पुन्हा बांधली. अर्धी नागली तिने डब्यात ठेवली आहे. संक्रांत झाल्यावर मुलगा येईल तेव्हा त्याच्या हाताने घालायची, असा तिचा बेत आहे. या पाखराला त्याच्याकडे काय म्हणतात, ते वहीत लिहायचे राहिले आहे.